शेजारचं घर चालणार नाही

डॉक्टर कुणाच्याही घरात शिरले की आधी पाणी मागत, आणि समोर आलेलं पाणी खरोखर पीत. माझी त्यांच्यावरची चीड इथूनच सुरू होते. सार्वजनिक आरोग्यात जन्म घालवलेला माणूस, कुठल्या पाण्यात काय असतं ते बोटावर मोजून सांगणारा, आणि सतरंजीवर टेकायच्या आत "जरा पाणी द्या" म्हणणार. तांब्या यायचा. टँकरचं असो, बोअरचं असो, खदानीतलं असो, अर्धा तांब्या संपवून ते माझ्याकडं वळत आणि म्हणत, "ताई, आता लिहा." आम्हालाही प्यावं लागे. ज्या पाण्याबद्दल लिहायचं ते प्यायला नको का, असा त्यांचा नियम होता. महिन्यातून एकदा तरी आमचं सगळं कार्यालय पोट धरून बसलेलं असायचं.

आमचे ड्रायव्हर नामदेवराव एकदा भर रस्त्यात जीप थांबवून, मागं वळून, हात जोडून म्हणाले, "डॉक्टर, तुमचं प्वाट म्हंजी सरकारी प्रयोगशाळा हाय व्हय? आन् असंल तर ऱ्हाऊ द्या तुमचं. माझं कशाला त्यात?"

डॉक्टर मागच्या सीटवर साखर-मिठाची पुडी बाटलीत ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "नामदेवराव, तुमच्या पोटाचा फार उपयोग होतो. तुम्हाला लगेच होतं."

आमचं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण मला स्वतःला ते कळायला सहा महिने लागले. नवा रस्ता, नवी वसाहत, कारखान्यांसाठी नवी पाइपलाइन, असलं काही व्हायच्या आधी त्याचा आसपासच्या माणसांच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल ते शोधायचं आणि अहवाल द्यायचा. आजारी माणसाला तपासणारे डॉक्टर मी पाहिले होते. हे अजून आजारी न पडलेल्यांना तपासत. ती दुष्काळाची वर्षं होती. औरंगाबाद म्हणायचो तेव्हा आम्ही. शहराच्या नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि त्याच शहराच्या कडेनं, चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत, रोज नवं कुंपण, नवा फलक, नवा इमारतीचा सांगाडा दिसायचा. त्यामुळं कामाला तोटा नव्हता. क्रांती चौकाजवळ एका स्टेशनरीच्या दुकानामागं आमच्या दोन खोल्या होत्या. एकीत कागद असत आणि दुसरीतही कागदच असत.

मी डॉक्टरांना सापडले ती त्यांच्या यादीतलं एक घर म्हणून. माझं माहेर रत्नागिरीकडं, खाडीच्या काठी. सातवीपुढची शाळा खाडीपलीकडं होती आणि होडीनं जायला मला घरच्यांनी सोडलं नाही, तेवढ्यावर माझं शिक्षण संपलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इकडं आले. मुकुंदवाडीत एका खोलीत राहायचो. मी एका कंपनीत पॅकिंगला जायचे, पण कंपनीनं निम्म्या बायका कमी केल्या त्यात मीही आले. जवळचं माणूस कुणी नाही, भाषा मराठीच पण कानाला वेगळी, आणि घरात दिवसभर मी आणि तापलेला पत्रा. तशात एक दिवस पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले हे गृहस्थ दारात. पाणी प्यायले, कागद काढला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात घरात कुणी आजारी होतं का?"

मी नाही म्हटलं.

"खरंच कुणीच नाही?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो, दारात आलेल्या परक्या माणसाला कुणी आजारपण सांगतं का? घरात जुलाब झाले म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बाई घाण ठेवते."

त्यांनी कागद खाली ठेवला. "मग कसं विचारायचं?"

"काल काय काय केलं ते विचारा. त्यात येतं सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवराव जीप घेऊन दारात हजर. "डॉक्टरनी बोलावलंय. कामाला. नाय म्हणायचं असंल तर तुमीच येऊन सांगा, माझं ते ऐकत नायत." अशी माझी नोकरी लागली. शिक्षण किती, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारलाच नाही आणि मीही सांगितलं नाही. पहिलं वर्षभर रोज सकाळी कार्यालयाची पायरी चढताना मला वाटायचं, आज विचारणार. आज दाखला मागणार. ज्या माणसानं माझ्या हातात पेन दिलं, त्याच्याविषयी मी आता इतकं चिडून लिहिते आहे हे मला बरं वाटत नाही. पण ते चिडायला लावायचेच. ते सध्या हैदराबादला मुलीकडं असतात आणि तिथूनही फोन करून चिडवतात.

माझ्या त्या ‘काल’चं त्यांनी काय करून ठेवलं ते बघा. मला म्हणायचं होतं की साधं विचारा. त्यांनी त्याची छळछावणी केली. एका घराला दीड तास. काल उठलात, कुणाच्या आवाजानं उठलात? भाकरी बसून थापली की उभ्यानं? चुलीकडं तोंड होतं तेव्हा दार उघडं होतं की लोटलेलं? शेंद्र्याच्या एका म्हाताऱ्यांना त्यांनी असं सकाळी धरलं ते ऊन उतरेपर्यंत. शेवटी म्हातारे काठी टेकत उठले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझं काल सांगता सांगता माझं आज संपलं की वो." डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

भाषेचंही तसंच. घरी ते उर्दू बोलत, रिक्षावाल्यांशी दखनी, आणि सरकारी कचेरीत असं छापील मराठी की समोरचा साहेब खुर्चीत सरळ बसे. "सदर प्रस्तावातील गृहीतक मला मान्य नाही," असं वर म्हणून यायचं, आणि पायऱ्या उतरल्यावर, "अरे मियाँ, सीधा लेको चलो ना, कायकू घुमारे?" एकदा एका अभियंत्यानं त्यांच्या अहवालात एक शब्द बदलायला सांगितला. ‘परिणाम’च्या आधी ‘किरकोळ’ घाला, म्हणाला. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाच्या मानानं किरकोळ?" अभियंता म्हणाला, सरासरी बघितली तर. झालं. सरासरी हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायचा नसतो हे आम्हाला माहीत होतं, त्या बिचाऱ्याला नव्हतं. "सरासरीला ताप येत नाही, साहेब," डॉक्टर म्हणाले, "ताप शेवटच्या गल्लीतल्या बाईला येतो," आणि त्यानंतर पाऊण तास शेवटच्या गल्लीतल्या बाईविषयी बोलले. माझी घरी जायची बस गेली.

रुमालांची गोष्ट तर मला आठवली तरी डोकं धरावंसं वाटतं. एका खडीकेंद्राची धूळ जवळच्या गावात किती जाते ते बघायचं होतं. धूळ मोजायचं यंत्र पुण्याहून यायचं होतं, ते काही येईना. डॉक्टरांनी घरून पांढरे रुमाल आणले. प्रत्येक घरातल्या रांजणाच्या झाकणावरून एकेक रुमाल फिरवायचा, पाकिटात घालायचा, वर घराचा क्रमांक लिहायचा. हे काम माझं. बैठकीत त्यांनी अहवाल वाचलाच नाही. एकेक पाकीट उघडून रुमाल टेबलावर पसरत गेले. साहेब शिंकायला लागले, शिपाई शिंकायला लागला, पंखा बंद करायला सांगावं लागलं. खडीकेंद्राला पाणी मारायची अट लागली, हे खरं. पण चार दिवसांनी डॉक्टरांच्या बेगमसाहेबांचा कार्यालयात फोन आला तो मला घ्यावा लागला. "बेटा, हमारे घर में एक रुमाल नहीं बचा. इनको कहो, ईद पे नाक काहे से पोछेंगे?"

तर असा हा माणूस. आणि अशा माणसाच्या हाताखाली काम करताना चूक मी केली.

शेंद्र्याच्या अलीकडं एक रस्ता रुंद व्हायचा होता. मधे दुभाजक, तोही साधा नाही, छातीपर्यंत उंचीची भिंत, आणि पलीकडं जायची वाट लांबवर. रस्त्याच्या एका बाजूला मजुरांची वस्ती आणि दुसऱ्या बाजूला, सरकारी जागेत, काळी प्लॅस्टिकची टाकी. टँकर येऊन त्या टाकीत पाणी ओतायचा आणि वस्तीतल्या बायका रस्ता ओलांडून हंडे भरून आणायच्या. प्रश्न सरळ होता. भिंत झाल्यावर टाकी पलीकडंच राहिली तर बायकांचं काय होईल? टाकी अलीकडं हलवायची तर पाइप, चौथरा, जागा, सगळा खर्च. रस्त्याचं खातं म्हणत होतं, गरज काय आहे ते तुमच्या अहवालातून दिसू द्या. म्हणजे टाकी हलणार की नाही ते आमच्या कागदांवर होतं.

यादीतली दोनशे घरं आणि पंधरा दिवस. डॉक्टर दुसऱ्या एका कामात अडकलेले, त्यामुळं वस्ती माझ्यावर सोपवली. पहिल्यांदाच एकटीवर. मी रोज अकराच्या सुमाराला जायचे, कारण नामदेवराव तेव्हाच मोकळे असत. आणि घरं बंद. एका ओळीत पाच दारं ठोठावली तर तीन दारांना कुलूप. पंधरा दिवसांत दोनशे कशी होणार, या काळजीनं माझा जीव अर्धा झाला. आमच्या गल्लीत पूर्वी साबणाच्या कंपनीची माणसं कागद घेऊन यायची. घर बंद असलं की ती शेजारचं घर घ्यायची. मीही तेच केलं. शेजारचं दार उघडं असलं की तिथं जायचं. बहुतेक म्हातारी माणसं असत, किंवा ज्यांच्याकडं विकतचे जार येत अशी दोन-चार घरं. पाणी आणायला किती वेळ लागतो? "आणती की सून, लगीच आणती." मी लिहायचे, अर्धा तास. पंधराव्या दिवशी बरोबर दोनशे कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आणि त्या दिवशी मला वाटलं, सातवी काही कमी नाही.

तक्ते झाले. अहवाल गेला. त्यात वेळेचं, पाठदुखीचं, पडण्याझडण्याचं सगळं थोडंथोडकंच होतं. डॉक्टर बेचैन होते. ते स्वतः एकदा दुपारी त्या टाकीवर जाऊन आले होते आणि जे पाहिलं ते तक्त्यात दिसत नव्हतं. "मग तसं लिहा की," मी म्हटलं. तर म्हणाले, "माझ्या डोळ्यांना काय वाटतं ते लिहायला मी काय कादंबरीकार आहे? घरं जे बोलली ते लिहायचं." अशी हट्टी प्रामाणिक माणसं आपल्या बाजूला असली की जास्त त्रास होतो.

सोमवारी बैठक होती. शुक्रवारी नमाजहून परत आल्यावर ते माझ्या टेबलाशी उभे राहिले. हातात दोनशे कागदांचा गठ्ठा.

"ताई, कौसाबाईंचा कागद कुठं आहे?"

"कोण कौसाबाई?"

"टाकीवरच्या. मी तोटीसमोर उभा होतो तर ‘म्हातारबा, मरायचं तर सावलीला जाऊन मरा’ म्हणाल्या त्या. मी नाव आणि घर विचारून घेतलं होतं, घर यादीत आहे. दोनदा गठ्ठा पाहिला. नाही."

"त्यांचं घर बंद होतं."

"मग?"

"शेजारचं घेतलं."

मी घाबरून जास्त बोलत गेले. "बंद घरं फार होती, डॉक्टर. निम्मी तरी. शेजारचं उघडं असेल ते घेतलं. सगळे असंच करतात."

"दुपारी बारा वाजता त्यांचं घर बंद का होतं?"

मी तोंड उघडलं आणि उत्तर माझ्याच तोंडात आलं. "टाकीवर होत्या."

"म्हणजे आपण पाण्याचं विचारायला गेलो," डॉक्टर सावकाश म्हणाले, "आणि पाण्याला गेलेल्या बायका तेवढ्या वगळून आलो."

मला रडू आलं. मी म्हटलं, डॉक्टर, मी सातवीच शिकलेय. तुम्हाला सांगितलं नाही. मला हे काम यायचंच नव्हतं.

त्यावर ते असे वैतागले, तसे चुकीवरही वैतागले नव्हते. "त्याचा इथं काय संबंध? आठवीत बंद घराचा धडा असतो का? रडू नका, वेळ नाही. कागद मी तयार केला. त्यात बंद घराला रकाना मी ठेवला नाही. उद्यापासून पुन्हा जायचं. शेजारचं घर चालणार नाही."

त्यांनी तिथल्या तिथं खात्याला फोन लावला आणि छापील मराठीत सांगितलं की पाठवलेला अहवाल सदोष आहे, तो मी मागे घेत आहे, सोमवारी दुसरा आणीन. पलीकडचे साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण डॉक्टरांनी फोन कानापासून हातभर लांब धरला होता.

शनिवारी आम्ही टाकीवर गेलो. टँकरची वेळ ठरलेली नसायची. कधी दहाला येई, कधी तीनला. हंडा ठेवून घरी गेलं तर कुणीतरी तो मागं सरकवायचं, म्हणून बायका हंड्यापाशीच बसून असत. बाजूला एका बाभळीची विरळ सावली होती. मी कौसाबाईंना म्हटलं, जरा तिकडं बसून बोलू या. पन्नाशीतली काटक बाई. माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "आन् माझा नंबर कोण धरील? तुजा बाप?"

"मी धरतो," डॉक्टर म्हणाले.

आणि धरला. साठी उलटलेला माणूस, पांढरा सदरा, दोन हंड्यांच्या मधे उन्हात. दुसऱ्या बाईचा नंबर नामदेवरावांनी धरला. नामदेवराव कोपर बाहेर काढून असे उभे राहिले की मुंगीला पुढं जाता आलं नाही. डॉक्टरांचं मात्र काही खरं नव्हतं. टँकर आला, रांग हलली, आणि पोटुशी बाई दिसली की डॉक्टर म्हणत, "आप आगे हो जाओ बेटी." मग एक म्हातारी. मग कडेवर पोर घेतलेली एक. कौसाबाईंचा सातवा हंडा बघता बघता अकरावा झाला.

कौसाबाई बाभळीखालून ओरडल्या, "आवं डॉक्टर! नंबर धरताय का लगीन लावताय? यील त्याला म्हणताय या, बसा!"

सगळी रांग हसली. डॉक्टर कावरेबावरे होऊन म्हणाले, "लेकिन वो पेट से है."

"मी बी व्हते की चारदा! तवा कुणी सोडलं पुढं?"

शेवटी नामदेवरावांनी दोन्ही नंबर धरले आणि डॉक्टरांना जीपमधे बसवलं. पण त्या हसण्यानं बायका सैल झाल्या. मी कौसाबाईंना त्यांचा ‘काल’ विचारला. त्यांनी सांगितला, आणि मधेच सहज म्हणाल्या, "हितं आल्यापासून पाण्याचा घोट नाय घेत मी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पाण्याच्या टाकीपाशी बसून?"

"पाणी प्यालं की उठावं लागतं बाई. हितं आडोसा कुठंय? घरी जायचं म्हणलं तर रस्ता वलांडून जायचं, पळत यायचं, तवर नंबर गेला तर? आगदीच नाय ऱ्हावलं तर जाते एकदा. शेजारी ठेवलेल्या नातवाला बी बघून येते. मग रातीला लघवीला आग व्हती. समद्यांनाच व्हती. त्यात काय सांगायचं?"

शनिवारी आणि रविवारी मिळून जितक्या बंद घरांच्या बायका टाकीवर भेटल्या, तितक्यांना विचारलं. उन्हानं माझ्या नाकातून रक्त आलं. डॉक्टर जीपमधून ओरडून सांगत होते, "ताई, किती वेळ पाणी प्यायल्या नाहीत ते विचारा! सकाळपासून की कालपासून?" आणि रांगेतल्या बायका त्यांना गप करत होत्या.

सोमवारी मोठ्या टेबलाभोवती दहा-बारा माणसं. मी डॉक्टरांच्या मागच्या खुर्चीत. रस्त्याच्या खात्याचा अभियंता तरुण होता, वाईट नव्हता, पण चिडलेला होता आणि मला त्याचं चिडणं समजत होतं. दोन्ही तक्ते त्यानं शेजारी शेजारी ठेवले.

"गेल्या आठवड्यात तुमच्याच अहवालात अर्धा तास होता. आज चार-पाच तास. डॉक्टर, आम्ही कोणता खरा धरायचा?"

डॉक्टर म्हणाले, "ताई सांगतील."

मला आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. असा हा माणूस. मी उठले तेव्हा खुर्ची मागं पडली. ती उचलायला शिपाई आला, तोवर मला दार दिसत होतं आणि पळून जावंसं वाटत होतं.

"पहिला तक्ता चुकला," मी म्हटलं, "तो मी केला. मी दुपारी गेले आणि जे घरात होते त्यांनाच विचारलं. ज्या पाण्याला गेल्या होत्या त्यांना विचारलंच नाही." मग मी कौसाबाईंचा कागद वाचला. उठल्यापासून झोपेपर्यंत. पाणी न पिण्याचं इतक्या पुरुषांसमोर वाचायचं होतं. पण वाचलं. लघवीची आगही वाचली.

टेबलावर कुणी कुणाकडं बघेना. अभियंता म्हणाला, "हे वाईटच आहे. पण हे आजही होतंय. आमच्या रस्त्याचा यात काय संबंध?"

मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते खिशात चष्मा पुसायचा रुमाल शोधत होते, मुद्दामच शोधत होते.

"आज त्या एकदा तरी घरी पळत जाऊन येतात," मी म्हटलं. "रस्ता ओलांडून. तेवढंच एक त्यांच्या हातात आहे. तुमची भिंत झाली की तेही जाणार."

अध्यक्षांच्या खुर्चीवरच्या साहेबांनी दोन्ही तक्ते पुढं ओढले. त्यांनी अभियंत्याला विचारलं, टाकी अलीकडं घ्यायला किती दिवस? त्यानं सांगितलं. साहेब म्हणाले, बघू, करून घेऊ. सगळे उठायला लागले. डॉक्टर उठले नाहीत.

"लिहा," ते म्हणाले.

"लिहू की, डॉक्टर. इतिवृत्त उद्या निघेल."

"आत्ता लिहा. टाकी वस्तीच्या बाजूला सुरू झाल्याशिवाय दुभाजकाचं काम हाती घेऊ नये. एवढंच वाक्य. मी थांबतो."

लोक जेवायला गेले. टायपिस्टही जेवायला गेला. डॉक्टर त्या रिकाम्या टेबलाशी बसून राहिले आणि त्यांच्यामुळं मीही, आणि खाली जीपमधे नामदेवराव, तिघंही उपाशी. टायपिस्ट परतला, वाक्य टंकलं, सही झाली, तेव्हा कुठं डॉक्टर उठले. पायऱ्या उतरताना मी घाबरत विचारलं, "उद्या येऊ ना मी कामाला?"

"न यायला काय झालं?" ते खेकसले. "उद्या त्या शेजारच्या घरांत जायचंय. त्यांचे कागद आपण बाजूला काढले, त्यांना नको सांगायला?" आणि खरोखर गेलो आम्ही. घरोघर, भर उन्हात, माफी मागत. लोकांना कळेनाच की कशाची.

टाकी सांगितल्या दिवसांत आली नाही. तीन महिने जास्त लागले. डॉक्टर दर आठवड्याला त्या कचेरीत जाऊन बसत. त्यांना बघितलं की शिपाई आधी साहेब नाहीत म्हणायचा, मग चहा आणायचा. पण भिंतीच्या आधी टाकी आली. वस्तीच्या तोंडाशीच, हाकेच्या अंतरावर.

त्यानंतर महिन्याभरानं डॉक्टर म्हणाले, जाऊन विचारून येऊ, काही फरक पडला का. मी म्हटलं, संध्याकाळी जाऊ. तर म्हणाले, "नाही, दुपारी बारालाच. त्याच वेळी." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. गेलो.

कौसाबाईंचं दार बंद. कुलूप नव्हतं, पण बंद. मी ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारे बसले होते, ते म्हणाले, "या की बाई हितं, इचारा काय ते." मी मान हलवून नाही म्हटलं. टाकी समोर होती, चार पावलांवर, मग ही बाई गेली कुठं? मी दारावर थापा मारत राहिले.

आतून आवाज आला, "कोण हाय मेलं?"

दार उघडलं. कौसाबाईंचे केस सुटलेले, गालावर गोधडीच्या शिवणीचे वळ उमटलेले. उन्हाकडं डोळे बारीक करून त्यांनी मला ओळखलं आणि भडकल्या.

"तूच का गं? जरा डोळा लागला व्हता माझा! किती वर्सांनी दुपारची पडले असंल, आन् तू आलीस बडवायला. काय पायजे?"

मी पिशवीतून कागद काढला, पेन काढलं. माझ्या मागं डॉक्टर उभे होते. दीड दीड तास न उठणारे, म्हाताऱ्याचा अख्खा दिवस खाणारे, खात्यालासुद्धा न सोडणारे डॉक्टर. त्यांनी पाणीही मागितलं नाही.

"झोपा तुम्ही," ते कौसाबाईंना म्हणाले. "आम्ही चुकीच्या वेळी आलो."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला. मी विचारलं, "डॉक्टर, यांचा कागद?"

"कोराच राहू द्या, ताई," ते म्हणाले, आणि पाय न वाजवता जीपकडं चालायला लागले. इतक्या वर्षांत त्यांनी मला कोरा ठेवू दिलेला तो एकच कागद.